रिकामा ट्रॅप

अंबादासांनी लोखंडी झाकण बाजूला सारले आणि लांब दांड्याचा डाव आत बुडवला. तो जवळजवळ कोराच वर आला. मेसचा स्वयंपाक दिवाळीत होता तेवढाच होता, तेल तेवढेच लागत होते, थंडी मात्र वाढली होती. आणि मोरीच्या पाण्यातली चरबी अडवणाऱ्या टाकीत, ग्रीस ट्रॅपमध्ये, चरबी नव्हती. त्याच आठवड्यात बाहेरच्या गल्लीतले गटार चरबीने दुसऱ्यांदा तुंबले होते.

दिल्लीच्या करोल बागेतल्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर दोनच स्वयंपाकघरे होती. एक अंबादास आणि कौशल्याकाकूंची मराठी मेस, दुसरे राजवीरचे पराठ्यांचे दुकान. घरमालकीण ममताजींनी सकाळीच दोघांना बजावले होते, की ज्याची चरबी गटारात जात असेल, त्याने जागा खाली करावी. राजवीरच्या ट्रॅपवर कवडी दह्यासारखा घट्ट थर होता. मेसमध्ये जेवणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी निकाल देऊनही टाकला होता.

"काका, आता टेन्शन कसलं?" धीरज म्हणाला. "आपला ट्रॅप एकदम चकाचक. राजवीरभैया तो गया!"

अंबादास डावाकडे पाहत राहिले. लष्करी छावणीच्या पाणीपुरवठ्यात त्यांची नोकरी झाली होती. दर रविवारी ट्रॅप ते स्वतः उपसत. आपल्या खरकट्याला दुसऱ्याचा हात लागणे त्यांना पटत नसे.

"चकाचक आहे, ते दिसतंय रे. पण गेली कुठे ती?"

सुरुचीने पुस्तक मिटले. वाशीमची ही मुलगी रसायनशास्त्राची पदवीधर होती, आणि निष्कर्ष फार सोयीचा निघाला की तिला आधी संशय येई.

"ट्रॅपचं काम काय? तेल गार होऊन वर थिजावं आणि खालून नुसतं पाणी पुढे जावं," ती म्हणाली. "भरलेला ट्रॅप म्हणजे काम करणारा ट्रॅप, धीरज."

"तू कोणाच्या पार्टीत आहेस, यार?"

"दोन्हीकडून बाहेर पडणारं पाणी बाटल्यांत भरू," ती अंबादासांना म्हणाली. "गच्चीवर गारठ्यात ठेवू."

"चला. आधी आपलं भरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवीरच्या बाटलीत गढूळ पाणी होते, त्यावर काही नव्हते. मेसच्या बाटलीत गळ्याशी पांढरी चकती धरली होती. अंबादासांनी बाटली उलटी केली. चकती जागची हलली नाही.

ते खाली मोरीपाशी आले. मेसमध्ये ज्याने त्याने आपली थाळी धुवायची, असा रिवाज होता. मुले रांगेने थाळ्या धूत होती आणि मोरीतून वाफ निघत होती. शेजारच्या गॅसवर कौशल्याकाकूंचे थाळ्या धुण्याच्या पाण्याचे मोठे पातेले उकळत होते. गारठ्यात पोरांची बोटे आखडतात म्हणून डिसेंबरपासून त्या ते चढवत असत. अंबादासांनी बाही वर केली आणि ट्रॅपमध्ये हात घातला. आतले पाणी चांगलेच कोमट होते.

"काकूंना कसं सांगायचं?" सुरुचीने हलक्या आवाजात विचारले.

"काय सांगायचंय मला?" काकू दारातूनच म्हणाल्या.

अंबादासांनी बाटली पुढे केली. काकूंनी ती उजेडात धरली, मग पातेल्याकडे पाहिले आणि गॅस बंद केला.

"राजवीरला सांगितलंत?"

"आता जातो."

"ममताजी आपल्याला काढतील."

"काढतील कदाचित."

"मग शर्ट तरी बदला. हा ओला झालाय."

धीरज हातातली थाळी तशीच धरून उभा होता.

"काका, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं ना," अंबादास म्हणाले आणि कोरड्या शर्टाची बटणे लावू लागले.

ममताजी पराठ्यांच्या दुकानात राजवीरशी चढ्या आवाजात बोलत होत्या. अंबादासांनी दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या. सुरुची मागे उभी राहिली. एखादा शब्द अडला तर सांगावा म्हणून आली होती, पण तशी वेळ आली नाही. छावणीतल्या सरळ हिंदीत, आवाज न चढवता, अंबादासांनी सगळे सांगितले. उकळते पाणी आणि साबण यांमुळे थाळ्यांवरचे तेल पातळ होऊन ट्रॅपमधून न थिजताच पुढे जात होते आणि गल्लीतल्या थंड गटारात पोचून गोठत होते. चरबी मेसची होती.