नीरजाची खाऱ्या पाण्याची टाकी

लक्ष्मीकांत ताम्हण्यांनी बडोद्यातल्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर दोन फूट लांबीच्या टाकीपुढे हात टेकले.

टाकी त्यांच्या मुलीची, नीरजाची. लग्न होऊन मेलबर्नला जाताना ती दागिने घेऊन गेली, आईच्या हातचं लोणचं घेऊन गेली आणि कारेलीबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपली खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून गेली. टाकीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे होते, एक आळशी गोगलगाय होती, आणि दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी मऊ पोवळी होती. वरचा दिवा लागला की ती हळूहळू उमलत. "बाबा, हे तुम्हालाच जमेल," असं नीरजा विमानतळावर म्हणाली होती. त्या 'तुम्हालाच'वर सर वर्षभर ताठ मानेने वावरत होते.

त्याला कारण होतं. नीरजा कॉलेजसाठी घराबाहेर पडली तेव्हापासून तिचा फोन आला आणि तो बाबांनी उचलला, की दोनच वाक्यं व्हायची. बरे आहात ना, आणि आईला द्या. बापलेकीत प्रेम नव्हतं अशातला भाग नाही, विषय नव्हता. टाकीने तो पुरवला. आता दर रविवारी सकाळी फोन वाजला की नीरजा बाबांनाच मागायची आणि दोघं पाऊण तास पाण्याची घनता, दिव्याचे तास, गोगलगाईचा मूड यावर बोलत बसायची. सरांना आपण एवढं बोलू शकतो हे सत्तावन्न वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि अशा भरात, २००९च्या ऑगस्टमध्ये, टाकीतल्या वाळूवर एक तांबडा डाग आला.

आठ दिवसांत त्याची चादर झाली. बुळबुळीत, मरून रंगाची, दुपारी तिच्यावर बारीक बुडबुडे धरायचे. चारुलताबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला गेरू म्हणू लागल्या. सरांनी पुस्तकं आणि इंटरनेट पालथं घातलं आणि जाहीर केलं की हे शेवाळासारखं दिसत असलं तरी शेवाळ नाही, हे सायनोबॅक्टेरिया, पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या जिवांपैकी एक. "असू दे जुने," चारुलताबाई म्हणाल्या, "म्हणून काय आपल्या दिवाणखान्यात राहायचं?"

सर कामाला लागले. पातळ नळीने चादर ओढून बादलीत काढायची, तेवढंच ताजं खारं पाणी करून ओतायचं. फिल्टरचंच पाणी वापरायचं, नळाचं नाही. दिव्याचे तास दहावरून सहावर आणले. चादर निघायची आणि चौथ्या दिवशी हजर व्हायची, जणू दळण घेऊन परत आली. दगडांवर चढून तिने पोवळ्यांचे कडेचे गुच्छ झाकले. झाकलेली पोवळी मिटली ती उघडेनात.

शेवटी सर सयाजीगंजातल्या रणवीर शिर्केच्या दुकानात गेले. रणवीर त्यांचाच विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला. आता बडोद्यात खाऱ्या पाण्यातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. सर त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि रणवीरने वर्ग घेतला.

"सर, ह्याला खायला मिळतंय म्हणून तो येतोय ने. तुम्ही माशांना किती टाकता?"

"दिवसातून एकदा. मोजून आठ दाणे." सरांनी वही पुढे केली. तारीखवार सगळं होतं.

रणवीरने वही दोनदा वाचली. "वही तर एकदम सरस छे. पण पाण्याच्या टेस्टमध्ये फॉस्फेट बघा ना केवढं, तोच ह्याचा खुराक. आठ दाण्यांत एवढं नाही येत, सर. कुठून तरी येतंय." मग तो म्हणाला, "एक काम करा. तीन दिवस टाकी पूर्ण झाका. अंधार. खाणं पण बंद. नाही गेलं, तर मासे माझ्याकडे आणून द्या आणि टाकी धुऊन ठेवा. नीरजाताईला मी समजावेन."

नीरजाताईला समजावण्याच्या कल्पनेनेच सर घाईने स्टुलावरून उठले. कारण गेले तीन रविवार ते तिच्याशी चक्क खोटं बोलत होते. टाकी कशी आहे, तर झकास. पोवळी, तर मस्त फुललीत. टाकी गेली की विषय गेला, आणि विषय गेला की रविवार गेला, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी टाकीवर जाड सोलापुरी चादर घातली, कडा चिमट्यांनी बंद केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते मिठाचं पाकीट आणायला म्हणून निघाले आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परतले. दार ढकलतात तो काय, चारुलताबाई टाकीपाशी उभ्या. एक चिमटा काढलेला, चादरीचं टोक वर, आणि हातात वरणभाताचा घास. तुपासकट.

"चारू!"

त्या दचकल्या, पण घास पडू दिला नाही. "ओरडता काय? गोग्रास आहे."

सरांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. नागरवाड्यातल्या जुन्या घरी होते तोवर दारात गाय यायची. जेवायला बसण्याआधी पहिला घास तिचा, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम चारुलताबाईंनी कधी मोडला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार? बाल्कनीत घास ठेवून पाहिला, तर कबुतरं माजली आणि खालच्या पटेलबेन भांडायला आल्या. नळीतून वाळू उपसताना दिसणारे पांढरे कण सरांनी आजवर शिंपल्याचा चुरा म्हणून सोडून दिले होते. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला भाताचं शीत ओळखू आलं नाही.

"मासे भात खातात का कधी?" ते ओरडले. "कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले." त्यांचा आवाज बारीक झाला. "मुके जीव आहेत, म्हटलं आपला पहिला घास त्यांना. आणि खरं सांगू? तुम्ही दोघं तिकडे तास-तास बोलत बसता. माझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं, जेवण झालं का आणि ठेवते आता. मला काय ती घनता-बिनता कळत नाही. म्हटलं, तिच्या माशांचं मीही काहीतरी करावं."

सरांनी पुढे होऊन चादरीचं टोक खाली घेतलं, चिमटा परत लावला. सगळं मोजलं होतं त्यांनी; मीठ, दिवा, दाणे. रविवारचा फोन आपण कोणाच्या पानातून उचलला, तेवढं मोजायचं राहिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे हा गेरू माझ्यामुळे?" चारुलताबाईंनी विचारलं. डोळे भरले होते.

खोटं बोलावं असं सरांना फार वाटलं. पण नीरजाशी बोललेल्या खोट्याने त्यांचं पोट आधीच भरलं होतं. "भातामुळे," ते म्हणाले. "आणि माझ्यामुळे. घरात आपण दोघं असताना वही मी एकट्याने लिहीत बसलो."

तीन दिवसांनी सोलापुरी चादर काढली आणि मग साफसफाईला दोघं मिळून लागली. चारुलताबाईंचा हात सरांपेक्षा कितीतरी हलका निघाला. नळीचं टोक त्या असं फिरवायच्या, की वाळू जागेवर आणि तांबडं तेवढं बादलीत. दगडांच्या सांदीतली शितं त्यांनीच वेचली. रणवीरने घरी येऊन पाण्याचा पंप पाणी न हलणाऱ्या कोपऱ्याकडे वळवून दिला. माशांचे आठ दाणे आता चारुलताबाईंच्या ताब्यात गेले. पान वाढलं की बारा वाजता त्या ते टाकायच्या आणि मगच जेवायच्या. दर दोन दिवसांनी सर थोडं पाणी बदलत राहिले. तीन आठवड्यांत वाळू पांढरी झाली. कडेचा एक गुच्छ मेला तो मेलाच, पण बाकीची पोवळी उघडली.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा सरांनी आधी सगळ्या खोट्याची कबुली देऊन टाकली. मग सर म्हणाले, "पुढचं आईच सांगेल. टाकी आता तीच बघते," आणि फोन चारुलताबाईंच्या हातात दिला.

चारुलताबाई सुटल्याच. गोग्रासाची कथा ऐकतानाचं नीरजाचं खदखदून हसणं सोफ्यापर्यंत ऐकू आलं. "घनता ना? एक पॉइंट पंचवीस," त्या ठणकावून म्हणाल्या. खरी होती एक पॉइंट झीरो दोन पाच. तेवढ्या मिठात मासे नाही, लिंबं मुरली असती. सरांनी दुरुस्ती करायचा मोह आवरला. पेपर उघडला, पण एक ओळ डोक्यात शिरेना. योग्य तेच केलं होतं त्यांनी, आणि तरी आत फार दुखत होतं.

अर्ध्या तासाने चारुलताबाईंनी फोन पुढे केला. "तुम्हाला मागतेय."

आकडा तपासायचा असेल. "झीरो दोन पाच, बरं का," सर लगबगीने म्हणाले.

"ते मी समजले, बाबा. टाकीचं आईने सगळं सांगितलं." नीरजा म्हणाली. "तुम्ही कसे आहात, ते सांगा."

बरा आहे, एवढे दोन शब्द कायमचे तयार असायचे. आज ते येईनात.

"करमत नाही गं तुझ्याशिवाय," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले. स्वयंपाकघराकडे निघालेल्या चारुलताबाई दारातच थांबल्या.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मलाही नाही करमत, बाबा," नीरजा म्हणाली. "इतके दिवस तुम्ही माशांचंच बोलत होता. मला वाटायचं, माझं कधी विचारणार?"

सरांनी पेपर बाजूला ठेवला. "सांग," ते म्हणाले, "आता सांग."