समोरून शिकलेलं

पिठाच्या डब्याचं झाकण पौर्णिमाच्या हातून निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. वीज गेली होती, कूलर बंद होता, त्यामुळे घरभर तेवढाच आवाज. ते थांबेपर्यंत ती नुसती बघत उभी राहिली.

"काय पडलं वो?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"झाकण."

दुपारच्या जेवणापासून दोघींत झालेलं बोलणं एवढंच. रागावलेलं कुणी नव्हतं. पौर्णिमाचा नवरा कुंदन गेल्यापासून या घरातलं बोलणं माठातल्या पाण्यासारखं ओसरत चाललं होतं. कुणी सांडत नाही, तरी सकाळी बघावं तर तळ दिसतो.

कुंदन शाळेत पीटीचा मास्तर होता. पौषात, पोरांची कवायत घेता घेता मैदानावरच खाली बसला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला. चाळिशीसुद्धा लागली नव्हती. भेटायला आलेली माणसं दाराबाहेर चपला घालताना हळूच म्हणायची, "येवढा व्यायाम करे, तरीबी?" पौर्णिमाला ते ऐकू जायचं. काही वाटायचं नाही. तसं तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते तिला जुईलीच्या तोंडाकडे बघून कळायचं. तिची लेक जुईली पाच वर्षांची होती, तिची तोंडं अजून खरी होती.

झाकण उचलून ती वळली तर दारात रामराव उभे. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आणि कुंदनच्या बागेतल्या वर्गाचे सगळ्यात जुने विद्यार्थी. कॉलेजात असताना कुंदन अमरावतीला एका शिबिरात ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकून आला होता, आणि इथे अकोल्यात रोज सकाळी बागेतल्या गोल ओट्यावर म्हाताऱ्यांना शिकवायचा. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची साखर वाढलेली, कुणाचा चालताना तोल जाणारा. ती सगळी ठणठणीत राहिली आणि मास्तर गेला. म्हणून या घरी आली की ती माणसं जिवंत असल्याची चोरी पकडली गेल्यासारखी दाराशीच थांबायची.

"या ना काका, बसा."

"बसत नाही सूनबाई. उद्या आमचा शेवटचा दिवस हाय, थे सांगाले आलो. वर्ग बंद करतो."

"काहून?"

"काहून म्हंजे, थे ‘ढग सारणं’ हाय ना, तिथपर्यंत सगळ्यायले येते. पुढचं कोणालेच आठवत नाही. एक म्हणते पाय उचला, एक म्हणते खाली बसा. मंग तसेच हात हवेत धरून उभे राह्यतो, अन् फिराले येणारे लोकं पाह्यत राह्यतात. उभी नोकरी परतवाड्याची गाडी चालवली मी. ब्रेक मारला का गाडी थांबे. ह्याच्यात थांबावं कसं, थेच समजून नाही राहिलं. सर म्हणत, शेवट केल्याबिगर घरी जाऊ नका, दिवसभर अर्धवट वाटते. तसंच वाटून राहिलं, माय."

"बंदच करा थे चीनचं खूळ," आतून सासूबाई, दुर्गाबाई, म्हणाल्या. "काय कामी आलं?"

"चीनचा माल टिकत नाही म्हणतात बाई, पण माहे गुडघे..." रामराव बोलून गेले. टोपी काढून त्यांनी हातात धरली. मग पौर्णिमाकडे न बघता म्हणाले, "तुले येते, असं सर एकडाव म्हणले होते."

"मले? मले नाही येत."

"घरी चोरून शिकून राहिली एक, म्हणे. पोळ्या लाटता लाटता. मले दिसते पण मी पाह्यत नाही, म्हणे. पाह्यलं का थे थांबून जाईन."

रामराव गेले. वीज आली. कूलर घरघरायला लागला. पौर्णिमा कणीक मळायला बसली आणि मळतच राहिली.

त्याला दिसत होतं तर.

घरात पावलं टाकण्याएवढी लांब जागा एकच, पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ. संध्याकाळी कुंदन तिथे तिच्याकडे तोंड करून उभा राहायचा. नजर खाली, श्वास पोटात, हात पाण्यातून फिरवल्यासारखे. त्याची पापणी खाली गेली की ती लाटणं ठेवायची आणि पिठाच्या हातांनी तेच करायची. हालचालींची चिनी नावं टाकून त्याने आपली मराठी ठेवली होती. घोड्याची आयाळ, बगळा, माकड हाकलणं, ढग सारणं, विहिरीतली सुई. रात्री जुईली त्याच्या उजव्या खांद्याला तेल चोळायची. कबड्डीत कधीतरी तो निखळला होता, तेव्हापासून उजवा हात कानाच्या वर जातच नसे.

दुर्गाबाई तेव्हा बोळाच्या तोंडाशी तुरीची डाळ निवडत बसायच्या. "चीनचंच काहून पाह्यजे तुले?"

"आई, थे बी आपल्यासारखेच. नदीकाठचं गाव होतं. लढाईतून घरी आलेला एक शिपाई वावर पाहे, अन् फुरसतीत गावातल्या पोरायले शिकवे. थ्याच्यातून हे निंघालं म्हणतात. दुसरे म्हणतात, एका बैराग्यानं पहाडावर पाखरू अन् सापाची लढाई पाह्यली. पाखरू चोच मारे, साप फक्त आंग वळवे. मारे नाही, पळेबी नाही."

"मंग? साप मेला?"

"नाई. पाखरूच थकलं."

आज रात्री जेवताना दुर्गाबाईंनी घास हातातच ठेवला. म्हणाल्या, "पाखरूच थकलं म्हणे ना थो?"

"हाव."

"जाय उद्या. म्हाताऱ्यायचं अर्धवट नको राहू देऊ."

सकाळी बागेत जुईलीला बाकावर बिस्किटाचा पुडा देऊन बसवलं आणि पौर्णिमा ओट्यावर गेली. कुंदन जिथे उभा राहायचा तिथली फरशी जराशी खचलेली होती. तिथेच ती जमलेल्या म्हाताऱ्यांकडे पाठ करून उभी राहिली, कारण तो तसाच उभा राहायचा. मागे कुणी खोकलं. मग तेही थांबलं.

तिने हात उचलले. आपले हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ते वर गेले. पाऊल टाकलं, आयाळ पसरली, आणि मागे धपकन आवाज झाला.

"अवो पाह्यसान!" वर्गातल्या मनकर्णाबाई ओरडल्या. "आंगावरच आले ना हे!"

"मी कुठी आलो? बाई जिकडे गेली तिकडे मी गेलो," रामराव म्हणाले.

"तिकडे नसते ना पहिलं पाऊल! इकडे असते!"

"मंग मास्तरनीले सांग!"

अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. बऱ्याच दिवसांनी ती माणसं हसत होती, आणि हसताना तिच्याकडे चोरून बघत होती. शैलाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पुढे आल्या. "अगं पौर्णिमा, तू सगळं उलटं करते आहेस. सरांचा उजवा, तिथे तुझा डावा."

पौर्णिमाने आपल्या हातांकडे बघितलं. या लोकांनी वर्षानुवर्षं त्याची पाठ पाहिली होती. तिने त्याला कायम समोरून पाहिलं होतं. त्याच्या उजव्याला ती डावा उचलत आली होती, आरशातल्यासारखी. आणि त्याला दिसत होतं, तरी त्याने कधी सांगितलं नाही.

"मले सुलटं नाही येत," ती म्हणाली. "जाऊ द्या, काका."

"सुलटं कोण मांगून राहिलं?" रामराव म्हणाले. "तू फक्त तोंड आमच्याकडे कर, पोरी."

ती वळली.

आता तिचा डावा आणि त्यांचा उजवा बरोबर समोरासमोर आला. आयाळ पसरली. मग बगळा. सगळ्यांचे उजवे हात वर चढले आणि कानापाशी येऊन थांबले. रामरावांचा, मनकर्णाबाईंचा, शैलाताईंचा. खांदा जरासा पडलेला, मान किंचित त्या बाजूला कललेली. या लोकांचे खांदे कधी निखळले नव्हते. त्यांना वाटलं होतं, असंच असतं हे. मास्तरने दाखवलं तसं त्यांनी घेतलं होतं, दुखण्यासकट.

तिचा स्वतःचा डावा हातही कानापाशीच थांबला होता.

माकडं हाकलली. ढग आले, आणि सगळे कचरल्यासारखे तिच्याकडे बघायला लागले. ती थांबली नाही. पाय उचलला, खाली बसली, उठली. सापासारखी जमिनीलगत गेली, तेव्हा म्हाताऱ्यांनी नुसते गुडघे वाकवले. तेवढंच त्याने त्यांना करायला सांगितलं होतं. विहिरीतली सुई काढली. मागे वळली, पुन्हा समोर आली. शेवटी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवर आले, सुटले, आणि तळवे जमिनीकडे करून सावकाश खाली गेले. जिथून निघाले होते, त्या जागी.

कुणी टाळी वाजवली नाही. मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. बागेच्या नळाखाली कुणाची तरी बादली भरत होती. रामरावांचे हात मांड्यांशी होते, पण ते चपला घालायला हलले नाहीत. कुणीच हललं नाही.

जुईली बाकावरून उतरून आली. तिच्या तोंडाला बिस्किटाचा भुगा लागला होता. रामरावांच्या पुढे उभं राहून तिने त्यांचा उजवा खांदा नीट बघितला, मग शैलाताईंचा, मग मनकर्णाबाईंचा. मग ती आईकडे आली आणि तिचं बोट धरलं.

"आई, बाबाचा खांदा अजून दुखते काय?"