सिलिकॉनचा लेप

खिडकीच्या चौकटीला खालून दोन बारीक फटी असतात. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर जातं. गाडीमागे जोडून न्यायचं घर म्हणून घेतलेल्या आमच्या नव्या ट्रेलरच्या खिडकीला त्या दिसेनात, म्हणून मी वाकून बोट फिरवलं. फटींवर पांढऱ्या सिलिकॉनचा लेप होता, आणि लेपावर कुणाच्या तरी अंगठ्याचा स्वच्छ ठसा.

आत पलंगामागची भिंत पुन्हा फुगली होती. दाबली की ओल्या पावासारखी खचायची. ट्रेलर दुरुस्तीहून नुकताच घरी आला होता.

"गळती थांबवायला यांनी पाण्याची वाटच बुजवली," मी नवऱ्याला म्हणाले.

"पुन्हा नेऊ या," व्हर्लिन म्हणाला. "दुरुस्तीच्या दुकानातला डेनी करून देईल. मुलगा चांगला आहे."

चांगल्या मुलाने आम्हाला दुकानाच्या आवारातच गाठलं. हातात कॉफी, तोंडभर हसू. "काय मग, तरुणी, आज काय मोडलं?"

मी त्याच्या आईहून मोठी असेन. फटी दाखवल्या. ठसाही दाखवला.

"गळतंय म्हणालात, आम्ही बंद केलं," तो म्हणाला.

"या फटी पाणी बाहेर जायला असतात. आता ते भिंतीत मुरतंय. आतलं लाकूड कुजायला लागलंय."

"मॅडम, हे चाकांवरचं घर आहे. थोडंफार व्हायचंच. सगळ्यांचं असंच असतं."

दुरुस्तीलाच आलेल्या शेजारच्या ट्रेलरमधला गृहस्थ दारातूनच ओरडला, "आमचं तर सिंक रस्त्यात निखळलं हो! बायको म्हणाली, बरं झालं, भांडी घासायला नकोत!"

तिघेही हसले. व्हर्लिनसुद्धा. माझी आयुष्यभराची नोकरी पाणी तपासण्याची. गढूळ नमुना पुढे करून 'सगळ्यांचं असंच असतं' असं मी कुणाला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला कामावर घेतलं नसतं.

"हसण्यासारखं काय आहे यात?" माझा आवाज मलाच परका वाटला. "पावसात भिजून झोपायला आम्ही हे घेतलं का? अख्खी भिंत उघड. कुजलेलं सगळं काढ. मी इथेच उभी राहून बघणार आहे."

डेनीचं हसू मावळलं. "अख्खी भिंत? बरं. महिना लागेल. पण नव्यासारखी करून देतो. शब्द आहे माझा."

तो आत गेला. व्हर्लिनने माझा हात धरला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ, जमलं! आपलं राहतं घर घेणाऱ्यांना आजच कळवतो, महिनाभर थांबा म्हणून. मग तू सही कर, आणि आपण ट्रेलर घेऊन निघू. कायमचे."

विक्रीच्या कागदांवर त्याची सही केव्हाच झाली होती. माझी राहिली होती. आधी ट्रेलरचं छत नीट होऊ दे, मग दार, मग खिडकी, असं मी म्हणत आले होते. दर वेळी काहीतरी मोडायचं. मी चिडायचे, ते खरंच. पण मोडलं की रात्री मला शांत झोपही लागायची.

"लॉर्ना? फोन लावू ना?"

डेनीवरचा राग अजून अंगात होता. तो होता म्हणूनच बहुधा तोंड उघडलं.

"नको लावू," मी म्हणाले. "भिंत नीट झाली तरी मी आपलं घर विकणार नाही."