ग्लेनच्या भाषणावरचे शेरे

“मेरी, तासाभरात बाबांचं दफन आहे. तो लॅपटॉप मिट की आता!”

“एकच निबंध राहिलाय रे. एवढा एकच,” मेरिडिथ मान वर न करता म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ ग्लेन ओट्याशी उभा राहून सँडविचच्या कडा कापत होता. बाबांच्या गाई आता तोच सांभाळायचा. “चर्चमध्ये बाबांवर वाचायचं माझं भाषण तेवढं रात्री तपासून दिलंस, बरं झालं. बरंच लाल केलंस गं!”

“मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांचंच होतं तसं,” ती म्हणाली. मग तिचे हात थबकले. भाषण? ते कधी तपासलं आपण?

विद्यापीठाने रजा दिली होती, पण निबंध कुठले रजेवर जायला! सोमवारी गुण भरायचे, वर विद्यार्थ्यांच्या मेलचा मारा. जेवताना, अंघोळ करताना, अगदी दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसूनसुद्धा ही बाई आपली शेरेच मारत होती. रात्री झोपेच्या तारेत तिने समोर येईल ते तपासून परत धाडलं होतं.

ग्लेन सँडविच गाडीत ठेवायला गेला, तशी तिने ती फाइल उघडली.

‘बाबांएवढा भला माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता,’ ग्लेनने लिहिलं होतं. बाजूला तिचा शेरा: ‘कशावरून? तुलना कोणाशी?’ ‘आई गेल्यावर त्यांनी आम्हाला पोरकं वाटू दिलं नाही.’ शेरा: ‘भावनिक विधान. पुरावा द्या.’ ‘मेरी विद्यापीठात लागली त्या दिवशी बाबा गाईंनासुद्धा सांगत सुटले.’ शेरा: ‘विषयाशी संबंध नाही. वगळा.’

अरे देवा! ती तशीच अनवाणी अंगणात धावली.

“ग्लेन, चूक झाली रे! निबंधांच्या रांगेत तुझंही आलं. तू आपलं आधीचंच वाच.”

“छे गं! तू शिकलेली. मी पहाटे बसून सगळं नीट केलंय.”

“नको ना, ऐक माझं! बाबांवरचं आहे ते.”

“आता गोंधळात नको पाडूस. मला आधीच धडकी भरलीय. चपला घाल आणि बस गाडीत.”

वाटभर ती विनवत राहिली. तो समजूत काढल्यासारखा मान हलवत राहिला.

चर्च गच्च भरलं होतं. डेअरीवरची माणसं, शेजारपाजारचे, बाबांचे फुटबॉलमधले जुने भिडू. ग्लेन उभा राहिला. त्याने खिशातला कागद उघडला.

“लॉरेन्स हेवुड. जन्म स्मिथटन गावी. त्यांनी आयुष्यभर गाई पाळल्या. त्यांना दोन मुलं आहेत.”

लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. मागे कोणीतरी खोकलं. पुढे काही नव्हतंच. ग्लेनने कागदाची घडी घातली, शेजारी येऊन बसला, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच तिच्याकडे झुकला.

“आता बरोबर होतं ना गं?”

“हो रे,” मेरिडिथ म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती ती?