संगणकाला लावलेला अंगारा

एकोणनव्वद सालचा तो गुरुवार. संशोधन संस्थेच्या संगणकखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा तिथे नियमच होता. त्यामुळे कळमेश्वरचे महाराज आत शिरताच खोलीचं आयतंच देऊळ झालं.

लेखनाच्या प्रोग्रॅममध्येच संगणकावर आलेली पत्रंही वाचता येत, पण त्याची नवी आवृत्ती टेपवरून मशीनवर चढवल्यापासून ती उघडेनाशी झाली होती. हेडक्लार्क वामनरावांचा जीव त्यातच अडकलेला. त्यांची नीला अमेरिकेत शिकत होती आणि तिथल्या संगणकावरून तारेनं संस्थेच्या मशीनवरच बापाला पत्रं पाठवत असे.

महाराजांनी मॉनिटरला अंगारा फासून डोळे मिटले.

"पीडा बसून राहिली यंत्रात. पण मले पत्र दिसते. पोरगी खुशाल आहे. परीक्षेचं लिहिलं, आत्याले विचारलं."

लोकांनी हात जोडले. आत्या आहे हे महाराजांना कसं कळावं?

"मी टपालानं लिहू का तिले?" वामनरावांनी विचारलं.

"काहून घाई करून राहिला गा? पीडा सुटेपर्यंत पेन धरायचा नाही. साधना तुटते."

वामनरावांनी पेन धरला नाही. महाराज दर गुरुवारी येत, पोरगी दर गुरुवारी खुशाल असे.

बाळंतपणाच्या रजेवरून संगणक विभागाच्या उत्तरा परतल्या. आधी त्यांनी मॉनिटर पुसला, मग शोध घेतला.

"काका, पत्रं उघडणारा भाग टेपवरून नीट चढलाय, पण वेगळ्या कप्प्यात. प्रोग्रॅम आपल्याच कप्प्यात शोधतोय. तिकडची वाट सांगणारी एक ओळ लिहायची राहिली."

"मग महाराजले आत्याचं कसं समजलं?"

"तुम्ही कुणाजवळ बोलला होतात?"

वामनरावांना आठवलं. पहिल्यांदा दर्शनाला गेले तेव्हा नीलापासून आत्यापर्यंत सारं घरदार त्यांनीच महाराजांना सांगितलं होतं.

उत्तरांनी ओळ लिहिली. पत्रं उघडली.

'बाबा, माझ्या वर्गातल्या एकाशी लग्न करायचं म्हणते. नको असेल तर तसं सांगा, पण काहीतरी लिहा.'

शेवटचं पत्र छोटंसं होतं. 'लग्न झालं. तुम्ही गप्प का, ते समजलं. आता त्रास देणार नाही.'

"मी हो म्हटलं असतं वं," वामनराव म्हणाले, आणि तिथेच रडले.

त्यांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं. नीलाचं काही आलं नाही.

पुढच्या गुरुवारी महाराज आले तेव्हा वामनराव दारात उभे होते.

"जा गा महाराज," ते म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडे वळले. "मशीन बिघडली त बिघाड कुठं आहे ते शोधा लागते. ज्याले समजते त्याले विचारा. मी हात जोडून बसलो, अन् माही पोर मले परकी झाली."