खोताची खुर्ची

१९३० सालच्या होळीच्या संध्याकाळी सहा वाजता अंबाजींची खुर्ची नाहीशी झाल्याचं कळलं.

शिसवी, कोरीव हातांची खुर्ची. नागावजवळच्या या गावाची खोती विकत घेतली तेव्हा अंबाजींनी ती मुंबईहून पडावात घालून समुद्रावरून आणली होती. त्यांचे वडील भागोजी जुन्या खोतांच्या वाडीत नारळ पाडत. अंबाजींनी मुंबईत काथ्याचं दुकान काढलं, ते चाललं, आणि जुन्या खोतांनी खोती विकायला काढली तेव्हा ती घेतली. कागदावर ते खोत झाले. गाव मात्र त्यांना शेठच म्हणे.

होळीची पहिली बोंब खोताच्या नावाने मारायची, ही गावची रीत. जुन्या खोतांना ती पिढ्यानपिढ्या मिळाली. अंबाजी आल्यापासून बोंब बिननावाची होई. गाव आपला मान राखतं, असं त्यांना आधी वाटलं. होळीशेजारी खुर्ची टाकून ते ऐटीत बसत, पेढे वाटत. खरा प्रकार लक्षात आला तेव्हापासून त्यांना सणाची पुरणपोळी गोड लागेना.

त्या सकाळी त्यांनी भिकूला गाठलं. पहिली बोंब मारायचा मान भिकूच्या घराण्याचा.

"भिकू, यंदा माझं नाव घे."

"शिवी मागताव, शेठ?"

"मागतो. वर धोतरजोडी देतो."

"ती इकत न्हाय मिलत." भिकू हसला. "आनि पाव्हन्याला कोन शिवी देतं?"

अंबाजींनी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ठमाबाई पुरण वाटत होत्या. त्या म्हणाल्या, "होलीला घराघरातली लाकडं चोरीला जातात. आपलं एक ढलपं तरी कधी गेलंय?"

संध्याकाळी खुर्चीशिवायच ते माळावर गेले. होळी नुकतीच पेटली होती. ढिगाच्या टोकावर त्यांची खुर्ची होती, आणि जाळ तिच्या पायांना लागला होता.

अंबाजी धावले. फेटा मागे पडला. "कुनी न्हेली रं माजी खुर्ची? मुडद्यांनो, शिसवी हाय ती! नारलासारका पाडीन एकेकाला!"

मुंबईत कमावलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. ओरडत होता तो भागोजीचा पोर. मग भिकूने तोंडावर हात नेला.

"अंब्या खोताऽऽ! खुर्ची जलली, बूड ऱ्हायलं रंऽऽ!"

सगळ्या गावाने बोंब उचलली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अंबाजी आ वासून उभे राहिले. मग त्यांचाही हात तोंडावर गेला आणि त्यांनी स्वतःच्याच नावाने अशी बोंब मारली की भिकूने कान झाकले.

होळी विझेपर्यंत ते भिकूच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले होते.

खुर्ची कोणी नेली, ते अजून कळलेलं नाही. ठमाबाई म्हणतात, पोरं परसाच्या गडग्यावरून उडी मारून आली असतील. परसदाराची आगळ मात्र आतून काढलेली होती.