बंदुकीतला खजूर

अबू राशिद यांची नवी बंदूक उडत नव्हती, आणि ती का उडत नाही यावरून अल ऐनमध्ये दोन पक्ष पडले होते. पहिल्या पक्षाचं म्हणणं, बंदूक खराब आहे. या पक्षात एकटे अबू राशिद. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बंदूक झकास आहे, म्हाताऱ्याचे हात गेले. या पक्षात त्यांचे मुलगे, नेमबाजी क्लबातले समस्त दोस्त आणि सही-शिक्क्यानिशी दुबईचं सर्व्हिस सेंटर. रुपाली पेडणेकर, म्हणजे अबू राशिद यांच्या खजुराच्या व्यापाराचं ऑफिस सांभाळणारी कुडाळची बाई, अजून कुठल्याच पक्षात गेली नव्हती. पगार घेणाऱ्या माणसाने लगेच पक्ष घेऊ नये, एवढं शहाणपण तिला होतं.

बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने दोन्ही तळाशी ठासायची, घोड्याखाली पितळी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. टोपीची ठिणगी एका बारीक भोकातून आत दारूपर्यंत जाते आणि मग बार होतो. अबू राशिद यांच्या वडिलांकडे अशीच एक होती. त्याच घडणीची नवी बंदूक एक परदेशी कंपनी बनवते असं कळल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढून ती मागवली, आणि लहान मूल नवे बूट उशाशी घेऊन झोपतं तसे पहिले काही दिवस वागले.

दर गुरुवारी क्लबात म्हातारे जमत. लांबवर एक लोखंडी तबकडी टांगलेली असे. गोळी लागली की ती टण्णकन वाजे आणि बाकीचे म्हातारे तोंड वाकडं करून शाबासकी देत. अबू राशिद यांची पाळी आली की घोडा पडे, टोपी फट् करे आणि पुढे शांतता. मग एकेकाला कंठ फुटे. दारू ओली असेल. गोळी नीट ठासली नसेल. एकाने तर मोठ्या प्रेमाने विचारलं, दारू घातलीस ना रे बाबा?

थोरला मुलगा राशिद हे सगळं बघत असे. तो वाईट मुलगा नव्हता, काळजीवाला होता. आणि काळजीवाल्या माणसापुढे कुणाचं काही चालत नाही. वडिलांनी आपल्या जुन्या पिकअपने मळ्याचं कुंपण दोनदा पाडलं होतं. ते भल्या पहाटे एकटे मळ्यावर जात, आणि राशिदच्या जिवाला घोर लागे. आता त्याला बंदुकीचं निमित्त मिळालं. ज्यांना बंदूक भरता येत नाही त्यांनी गाडी कशी चालवायची, असं त्याने घरात सगळ्यांसमोर विचारलं. हिवाळ्याचा मोसम संपेपर्यंत बघू, नाहीतर बंदूक क्लबाच्या कपाटात आणि पिकअपच्या किल्ल्या ड्रायव्हरकडे. हे ऑफिसात कळलं तेव्हा रुपालीला पहिल्यांदा काळजी वाटली.

बंदूक वॉरंटीत होती. तिच्या घोड्याखालच्या भागाला कंपनीचं लाल लाखेचं सील होतं. ते कुणी फोडलं तर वॉरंटी खलास. म्हणजे दोष असलाच तर तो कंपनीनेच शोधायचा, आणि कंपनीला तो शोधायचा नव्हता. राशिद बंदूक घेऊन दुबईला गेला. ती परत आली तेव्हा तिला नवा पट्टा होता, झगझगीत पॉलिश होतं आणि सोबत कंपनीची किचेन भेट होती. गुरुवारी टोपीने फट् केलं. बंदूक पुन्हा दुबईला. या वेळी परत आली ती दस्त्यावर हातभर ओरखडा घेऊन, चाप पूर्वीपेक्षा घट्ट, आणि सोबत कागद: बंदुकीत दोष नाही, वापरणाऱ्याने भरताना काळजी घ्यावी. राशिदने तो कागद क्लबात मोठ्याने वाचला. त्याला वाटलं तो वडिलांची समजूत घालतोय. अबू राशिद यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि कॉफीचा पेला हातात घेतला. पेला बशीवर किंचित वाजला, तेव्हा सह्या घ्यायला आलेल्या रुपालीने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

त्या दिवशी तिने पक्ष घेतला. त्याला कारण होतं. ऑफिसातून एकदा एक महत्त्वाचा चेक गहाळ झाला होता आणि सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली होती. अबू राशिद एवढंच म्हणाले होते, रुबाली म्हणते तिने दिला, म्हणजे दिला. त्यांना तिच्या नावातला 'प' कधी जमला नाही, विश्वास मात्र जमला. आता त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारं कुणी नाही हे तिला बघवेना. आणि बंदुकीतलं तिला ओ की ठो कळत नसलं तरी सर्व्हिस सेंटरमधलं पुष्कळ कळत होतं. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, नवऱ्याची गाडी, या सगळ्यांच्या वॉरंट्या तिने या देशात लढून काढल्या होत्या. 'चेक केलं मॅडम' या वाक्याचा अर्थ 'बघितलंसुद्धा नाही' असा होतो, हे तिला पाठ होतं.

तिची आई कुडाळला गिरणीत दळण टाकताना गव्हात चार मेथीचे दाणे टाकायची. पीठ किंचित कडू लागलं तर आपलाच गहू दळलाय, नाही लागलं तर गिरणीवाल्याने डबे बदलले. गिरणीवाला तिला भारी वचकून असे. हे आठवल्यावर रुपाली ऑफिसच्या पँट्रीत गेली. तिथे कॉफीसाठी वेलदोडे होते आणि खजुराला तर त्या ऑफिसात तोटाच नव्हता. एका मऊ खजुराची बी काढून तिने त्यात हिरवे वेलदोडे खोचले आणि तो वाटीत घालून अबू राशिद यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो तोंडात टाकायला उचलला. तिने घाईघाईने सांगितलं की हा तुमच्यासाठी नाही, बंदुकीसाठी आहे. बंदूक रिकामी आहे ना? हा नळीच्या तळाशी ठासायचा. कुणी नुसता गज आत घातला तरी त्याला लागेल. ज्याला लागणार नाही त्याने नळीत गज घातलेलाच नाही. अबू राशिद यांनी वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या डोळ्यांत जुनी खोडी आली. दार लावून घे, म्हणाले. मग त्यांनी स्वतः खजूर नळीत सोडला आणि गजाने असा ठासला की बापाने शिकवलेलं ते काहीच विसरले नव्हते हे दिसलं.

घरी तिने हे मोठ्या रंगात सांगितलं. तिची मुलगी दिया बारावीत, इथेच वाढलेली. ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "आई, धिस इज लिटरली अ ट्रॅप." रुपाली म्हणाली, हो.

बंदूक तिसऱ्यांदा दुबईला गेली आणि तिसऱ्यांदा तयार झाल्याचा फोन आला. सर्व्हिस सेंटरचा मुख्य खैरुद्दीन नावाचा गोड बोलणारा गृहस्थ होता. रुपालीने त्याच्याहून गोड आवाज काढला. आमच्या मालकांना समाधान वाटेल, तुम्ही स्वतः घेऊन या, गुरुवारी क्लबात सगळे असतात, कॉफी घ्या, म्हणाली. एवढ्या बड्या गिऱ्हाइकांसमोर मिरवायची संधी कोण सोडतो? खैरुद्दीन सूट घालून आला. क्लबाच्या तंबूत गाद्यांवर म्हातारे बसले होते, राशिद होता, आणि कोपऱ्यात ऑफिसच्या फायली घेऊन रुपाली, जणू सह्या घ्यायला आली होती.

अबू राशिद यांनी पाहुण्याला आपल्या शेजारी बसवलं आणि कॉफी ओतली. रुपालीने अदबीने विचारलं, सर, टेस्ट केली ना?

"मॅडम, मैंने ख़ुद दस राउंड मारे," खैरुद्दीन म्हणाला. "एकदम मक्खन चल रही है."

राशिदने हे अरबीत सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना वडिलांकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खैरुद्दीनने दुसरा पेला घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. कॉफीबरोबर खजूर असतो. इथे तबक कुठेच नव्हतं. त्याने हसत हसत विचारलं की खजुराच्या व्यापाऱ्याकडे खजूर नाही का?

"आहे ना," रुपाली म्हणाली. "तुम्हीच घेऊन आलाय. बंदुकीत बघा."

तो हसला. कुणीच हसत नाही असं पाहून थांबला. अबू राशिद यांनी अडकलेली गोळी ओढून काढायचा स्क्रूवाला गज नळीत घातला, फिरवला आणि हळूहळू बाहेर खेचला. टोकाला खजूर होता. थोडा सुकलेला, पण वेलदोड्यांसकट शाबूत. त्यांनी तो रुमालावर ठेवून पाहुण्यापुढे सरकवला आणि आतिथ्यशील आवाजात म्हणाले, घ्या.

खैरुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. दहा बार या खजुराला न दुखवता कसे गेले, हे त्यालाच विचारण्यात सगळ्या म्हाताऱ्यांनी बराच आनंद लुटला. तो आधी म्हणाला की टेस्ट दुसऱ्याने केली, मग म्हणाला की कदाचित दुसऱ्या बंदुकीची झाली. शेवटी त्याने आपल्या हाताने लाल सील फोडलं आणि भोकात घालायला काहीतरी बारीक मागितलं. रुपालीने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. पिन जेमतेम आत गेली आणि थांबली. त्याने पुन्हा घातली, पुन्हा थांबली. कारखान्यात भोक आरपार पाडलंच नव्हतं. ठिणगीला आत जायला वाट नव्हती, मग दारू कोरडी असो की ओली, भरणारा विशीतला असो की ऐंशीचा.

 मग दारू घातलीस ना रे बाबा, असं ज्याने विचारलं होतं, तो म्हातारा उठला आणि इथल्या मान देण्याच्या रीतीप्रमाणे अबू राशिद यांच्या नाकाला नाक लावून परत जाऊन बसला. राशिदने सर्व्हिस सेंटरचा तो कागद खिशातून काढून फाडला. रुपालीने उगाच एक फाईल उघडून वाचल्यासारखं केलं.

कंपनीने नवी बंदूक पाठवली. या वेळी खैरुद्दीनने म्हणे सेंटरमधल्या सगळ्यांसमोर ती खरोखर उडवली आणि बार झाल्याचा व्हिडिओसुद्धा पाठवला. माणूस एकदा शिकला की शिकला. पुढच्या गुरुवारी क्लबात पुष्कळ गर्दी झाली. मोसमाचा तो शेवटचा गुरुवार, म्हणजे पिकअपच्या किल्ल्यांचा निर्णयही त्याच दिवशी व्हायचा होता, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. अबू राशिद यांनी दारू मोजून ओतली, गोळी ठासली, टोपी बसवली. बंदूक खांद्याला लावली आणि बराच वेळ नेम धरला. नळीचं टोक जागच्या जागी एक बारीक वर्तुळ काढत होतं, ते रुपालीला दिसलं. राशिदलाही दिसलं.

बार असा दणदणीत झाला की तंबूवरची कबुतरं उडाली. पांढऱ्या धुराचा लोट उठला. सगळे कान देऊन राहिले.

टण्ण वाजलं नाही.

धूर विरला तेव्हा तबकडी स्वस्थ लटकत होती. गोळी रेतीत कुठेतरी गेली होती. दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत रुपाली पुढे झाली. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी वाकडी बसवलेली आहे, म्हणाली, इथून स्पष्ट दिसतंय, पुन्हा तक्रार करू या. तिने आयुष्यात कधी बंदुकीवरून नेम धरला नव्हता. माशी ती हीच का, हेसुद्धा तिला नक्की ठाऊक नव्हतं. पण बोलताना तिचा चेहरा खैरुद्दीनच्या वरताण गंभीर होता.

अबू राशिद यांनी बंदूक खाली घेतली. तिच्याकडे पाहिलं, मग माशीकडे पाहिलं, आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"पाठव," ते म्हणाले. "सर्व्हिस सेंटरला पाठव. ते लिहून देतील, बंदुकीत दोष नाही." आणि मग राशिदकडे बघून, "या खेपेला ते खरं लिहितील."

राशिदने किल्ल्यांचं नाव काढलं नाही. त्याने दारूचा डबा उचलला आणि वडिलांपुढे धरला.